मेलेल्याच्या घरची पत्रावळ

लिवता तर लिवा बापू, पन मी सांगन तसंच लिवा, मंदात आपलं गोड टाकू नोका. माझं नाव फुलवंता. इटियाडोह धरनाच्या कालव्याचं पानी जिथी सरते ना, तिथी आमचं गाव, त्याच्या पुढं जंगलच हाय. आमी जंगलातले मानसं, देव आमचा साजाच्या झाडात राहते, बाप धान पिकवे अन् उन्हाळ्यात मोहफुलं येचे, तेंदूपत्ता तोडे. माय पत्रावळी लावे, मी बी तेच करतो. पळसाचे पानं आनाचे, बांबूची बारीक काडी काढाची अन् टाचत बसाचं. काडी टोचून टोचून माझे बोटं असे झाले का आता रक्त निघालं तरी समजत नाई. पयले लगनाच्या घरून मानूस येये, फुलवंताबाई, पंगत हाय, पत्रावळी पाह्यजे. आता गोंदियाहून चमकीचे कागदी ताटं येतात, जेवले का फेकले, मंग गाई खातात ते ताटं अन् पोट फुगून मरतात. घान नुसती. पन ते जाऊ द्या, तुमी काई पत्रावळीसाठी नाई आले. तुमी चैतूसाठी आले. सगळे चैतूसाठीच येतात अन् सगळे एकच विचारतात, पदकवाला मानूस गावाबाहेर कायले राहते.

मले दोन भाऊ. दसरू माझ्याहून मोठा, अन् चैतू लहान, त्याले मीच कडेवर घेऊन फिरली, मायले वावरातून सवड कुठी होती. माझा मानूस लगनानंतर लवकरच तापानं गेला, तवापासून मी भावायच्याच घरी. तर या दोन्ही भावायच्या हातानं मानूस मेला. एकाले जेल झाली अन् एकाच्या गळ्यात हार पडले. हे आधीच सांगून देतो, मंग मले थांबवू नोका.

दसरूचं ऐका. आमचं वावर कालव्याच्या पार शेवटाले, उन्हाळी धान लावला होता, अन् पानी आमच्यापर्यंत येतायेताच मरून जाये. वरच्या बांधीत शामलाल. शामलाल काई परका नाई, आमच्याच जातीतला, माझ्या लगनात ढोल वाजवलेला मानूस. तो पाट फोडून पानी आपल्याकडं वळवे, दसरू जाऊन बुजवे, तो पुन्हा फोडे, असं चालू होतं. एका सकाळी शामलालनं आमच्या मेलेल्या बापाले शिवी देल्ली अन् दसरूनं फावडा उचलला. एकदाच मारला. मंग तिथीच चिखलात बसून राहिला, पळाला नाई, काई नाई. सकू, शामलालची बायको, वावराच्या धुऱ्यावरून भाकर घेऊन येऊन राहिली होती अन् मी तिच्या मागंच होती. तिच्या डोक्यावरची भाकर खाली पडली ना, ती कोंबड्यायनी खाल्ली. माझ्या ध्यानात तेच राहिलं, कायले राहिलं कोनाले माहीत.

कोर्ट मनलं खून. दसरू बी मनला खून. वकील त्याले शिकवे, असं नोको मनू, तू घाबरला होता असं मन, पन तो मने, मी घाबरलो नोव्हतो, मले राग आला होता. गेला नागपूरच्या जेलात. सुटून आला तवा दाढी पांढरी होती.

पन जेल सुटली मनून मानूस सुटला असं आमच्यात नाई बापू. ज्याच्या हातानं मानूस मेला, तो गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली राहते. त्याच्या हातचं पानी कोनी घेत नाई, पंगतीत त्याले कोनी बसवत नाई. मंग नवा धान निघाला का पंच बसतात. त्याचे केस काढाचे, नदीत आंघोळ कराची, अन् त्यानं आपल्या हातानं भात रांधाचा. पहिली पत्रावळ मेलेल्याच्या घरची. मेलेल्याची माय असो का बायको असो, तिनं येऊन बसाचं, अन् ज्यानं मारलं त्यानंच वाढाचं अन् पानी द्याचं. ती पानी पिली तर मंग पंच जेवतात अन् मानूस घरात येते. नाई पिली तर पुढच्या वर्षी नव्या धानाले पाहू. पंचायच्या हाती काई नाई, देवाच्या बी हाती नाई, जे हाय ते त्या बाईच्या हाती.

ती पत्रावळ मीच लावली होती, पानं निवडून निवडून. सकूनं पहिल्या वर्षी भात पायानं लोटून देल्ला. पुढच्या नव्याले आलीच नाई, घराचं दार लावून बसली. दसरू मोहाखाली, पावसात, थंडीत, मी आपला डब्बा दुरून ठेवून याची. मले सकूचा राग येये, मंग रागाची लाज वाटे, का त्या बाईचा मानूस गेला अन् राग तूच करतं काय वो. मंग एका वर्षी आली. बसली. भाताकडं पाहत राहिली, भात थंडा झाला, पंचायचे पाय आखडले. अन् पिली पानी. उठता उठता मने, माफ-बीफ काई केलं नाई, तुमचं तोंड रोज पाहून पाहून थकली मी. तवापासून दसरू घरात हाय, अन् मी अन् सकू वयनी एकाच जंगलात पळसाचे पानं तोडतो, बोलतो, भांडतो बी.

आता चैतू. तो या भानगडीच्या आधीच मिलिटरीत लागला होता. शाळेच्या मैदानात पळे, देवरीच्या सडकेनं पळे, भरती झाली तवा मीच मोहफुलं इकून त्याले बूट घेऊन देल्ला. सुट्टीवर आला का पयले माझ्या हातचा भात मागे, बाई, भात वाढ, तिकडं रोट्या खाऊन खाऊन जीव गेला. असा पोट्टा. मंग तिकडं सरहद्दीवर गोळ्या चालल्या, टीव्हीवर दिवसभर तेच, सुटाबुटातले मानसं ओरडून राहिले होते, मारा, अजून मारा, अन् त्यायच्या घरचा कोनी तिकडं नोव्हता. चैतूनं तिकडं काईतरी मोठं केलं, त्याले पदक भेटलं. अन् नौकरी पुरी करून तो घरी आला.

काय सांगू तुमाले त्या दिवसाचं. गावाच्या वेशीवर गेट, चैतूचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा, गोंदियाहून डीजे, फुलचूरचा मंडपवाला, अन् माईकवर एक जन हिंदीत, भाइयो और बहनो, हमारा शेर आ गया. आमच्या गावात हिंदीत बोलाचं काय काम होतं? पन मोठं काई असलं का हिंदी लागते. एक नेताजी आले, गाडीतून उतरले तेच जेवाले बसले. बकरे कापले होते, मोठाल्या गंजात रस्सा शिजून राहिला होता. चैतूले खुर्चीवर बसवलं मंदात, हारानं मान दिसत नोव्हती. नेताजीच्या हातात मटनाची नळी, रस्सा हनवटीवरून वाहून राहिला, अन् तसंच भरल्या तोंडानं विचारते, कितने टपकाए रे जवान, शरमा मत, बता दे सबको. अन् सगळे हासून राहिले. आमच्या गावातले हासून राहिले, बाया हासून राहिल्या, लेकरं बोटानं बंदूक करून ठो ठो करून राहिले. रानडुक्कर मारल्यावर विचारतात ना, किती निघालं मटन, तसं. मले किळस आली बापू. त्या मटनाची, त्या नेताजीची, अन् खरं सांगू तर माझ्या गावाची. हेच लोकं होते ना, ज्यायनी दसरूच्या हातचं पानी घेतलं नोव्हतं? हेच होते. ताटावर ताट घेऊन राहिले होते.

चैतूच्या समोर ताट होतं, त्यात त्यानं हात घातला नोव्हता.

आता माझी चूक मना का काय मना. मी घरून एक पत्रावळ लावून आनली होती. सवयच तशी. मानूस मेला असंन अन् मारनारा जेवाले बसत असंन तर पहिली पत्रावळ मेलेल्याच्या घरची, हे माझ्या हाताले ठाऊक. मिलिटरीतल्याले हे लागत नाई असं मले कोनी सांगतलंच नोव्हतं. मी ती पत्रावळ चैतूच्या समोर भुईवर ठेवली, त्याच्यावर भात वाढला, बाजूले पान्याचा गिलास ठेवला. नेताजीनं विचारलं, ये किसका है माताजी, कोई और मेहमान आ रहा है क्या. मी मनलं, ज्याले यानं मारलं त्याच्या मायचं हाय.

मंग जो गलका झाला. कोनी मने म्हातारी येडी झाली, कोनी मने दुश्मनाले जेवू घालते, नेताजीच्या मांगचा एक पोट्टा माझ्या अंगावर धावून आला, मने इसको पाकिस्तान भेजो. मी जन्मात गोंदियाजवरच्या नागराच्या महादेवाच्या पलीकडं गेली नाई, मले कुठी पाठवतं रे. अन् त्या गलक्यात चैतू खुर्चीवरून उठला, हार काढले, त्या पत्रावळीसमोर भुईवर जाऊन बसला, हात जोडून, मान खाली घालून, जसा दसरू सकूसमोर बसला होता तसाच. नेताजी हात न धुताच गाडीत बसले. मटन मोप उरलं, कुत्र्यायनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी शाळेचे गुरुजी घरी आले. मानूस चांगला हाय, मले समजवाले आला होता. मने, बाई, खून येगळा अन् लढाई येगळी. लढाईत हुकूम असते, वर्दी असते, समोरच्याच्या हातात बी बंदूक असते, मनून त्याले खून मनत नाई, कायदाच हाय तसा. तो ओट्यावर बसून चहा पिऊन राहिला होता, अन् दसरू कोपऱ्यात कुदळीले दांडा बसवून राहिला होता. दसरू कधी बोलत नाई, त्या दिवशी बोलला. मने, गुरुजी, मले राग आला होता मनून मी मारलं, त्याच्यासाठी मी जेल भोगली. चैतूले त्या मानसाचा राग बी नोव्हता, नाव बी माहीत नोव्हतं. ज्याचा राग नाई त्याले मारलं ते बरं, अन् राग आला मनून मारलं ते वाईट, हे कसं, ते सांगा. गुरुजी मने, तू आपल्यासाठी मारलं, त्यानं सगळ्यायसाठी मारलं. दसरू मने, मंग सगळ्यायनी मोहाखाली जाऊन बसा. गुरुजीनं चहा अर्धाच ठेवला अन् गेले.

मले तुमी पुसाल, बाई, तुमचं काय मत. मी काई दूधपिती नाई. सरहद्दीवर कोनीच नाई बसलं तर काय होते ते मले समजते. चैतूनं नसता मारला तर त्यानं चैतूले मारला असता, अन् मंग माझ्या दारात पेटी आली असती अन् तेच नेताजी तिच्यावर फूल टाकाले आले असते. ते सगळं समजते. मारावं लागलं तर मारावं लागलं मना, तोंड खाली घालून मना. त्याच्यावर मटन कायले शिजवता? बोटानं ठो ठो कायले करता? एवढंच माझं भांडन हाय.

गुरुजी गेल्यावर मी पानं टाचत बसली, चैतू माझ्याजवर काड्या काढून देत बसला, लहानपनी देये तसा. मी काई विचारलं नोव्हतं. तोच बोलला. मने, बाई, तो जेवून राहिला होता. दगडाच्या आडोशाले बसला होता, बंदूक बाजूले टेकून ठेवली होती, अन् कागदात गुंडाळलेली रोटी खाऊन राहिला होता. मले हुकूम होता, मी मारला. साहेब मनले शाबास. मंग आमी पुढं गेलो तर तो तसाच, घास तोंडातच, गिळलाच नाई त्यानं. चैतू असं मनला अन् काडी काढून राहिला. मी मनलं, तवापासून जेवत नाई काय रे. तो मने, जेवतो, एकटा असलो का जेवतो. लोकायसमोर घास तोंडाशी आनला का तो दिसते. मी मनलं, गुरुजी मनतात खून नाई तो. तो मने, वकिलाले विचारलं तरी नाईच मनन बाई. हाताले विचारून पाह्यलं, हात काई मनत नाई, घासच उचलत नाई.

मंग तो स्वतः पंचायकडं गेला. मने, दसरूदादाचं केलं तसं माझं करा, माझे केस काढा, मले नदीत न्या. मुखिया त्याच्यावर हासलाच. मने, चैतराम, तुझा खून नाई, खून नाई तर डाग नाई, अन् डागच नाई तर आमी धुवाचं काय? तो मने, पन मले दिसते डाग. मंग दुसरा एक पंच हळूच बोलला, खरं कारन त्यानं सांगतलं. मने, आपलं गाव जंगलातलं, आपल्याकडं आधीच सगळे वाकड्या नजरेनं पाहतात, पोलीस बी येऊन विचारतात अन् जंगलातले बंदूकवाले बी. आता मिलिटरीच्या मानसाले आमी खुनी ठरवलं अशी बातमी गेली तर उद्या पोलिसायची गाडी येईन गावात. अन् तिसऱ्यानं जे मनलं ते खरं अवघड होतं. तो मने, बरं, करू, पन पहिल्या पत्रावळीवर बसवाचं कोनाले? मेलेल्याचं घर कुठी हाय? कोन आनन तिले?

पंचायनी नाई मनलं, त्यानं आपलं आपनच केलं. मोहाच्या झाडाखाली जाऊन राहिला, दसरूनं सोडलेल्या जागेवरच झोपडी टाकली. पेन्शन येते, पदक घरात हाय, माझ्या धानाच्या कोठीवर ठेवलं हाय, अन् मानूस गावाबाहेर. येनारे-जानारे सलाम करतात, जय हिंद मनतात, अन् त्याले त्याची अशी चीड येते का तो तोंड फिरवून घेते.

नव्या धानाच्या जेवनाले मी सकू वयनीकडं गेली. मी मनलं, वयनी, तू बस त्या पत्रावळीवर, तू बी मेलेल्याच्या घरचीच होय, तुले हे माहीत हाय, तू पानी पिलीस तर माझा भाऊ घरात येईन. पाया पडली मी तिच्या. ती माझ्यावर अशी चिडली. मने, फुलवंता, तुले लाज नाई. माझ्या मानसाचं पानी मी पिली ते माझं मी पिली. दुसरीच्या पोराचं पानी मी कशी पिऊ? ती तिकडं बसली असंन चूल पेटवून, अन् इकडं मी तिच्या नावानं गिलास रिकामा करू? ते माझं नाई, देनारी मी कोन? मी रडत परत आली. मले वाटलं संपलं, आता याची जिनगानी मोहाखालीच.

पंगत बसली. दूर मोहाखाली चैतू, अन् त्याच्यासमोर ती पत्रावळ, मी लावलेली, भात वाढलेला, पानी ठेवलेलं, समोर कोनी नाई. अन् सकू पंगतीतून उठली. आपली पत्रावळ दोन्ही हातावर घेतली, भात सांडू न देता, सगळ्यायच्या डोळ्यापुढून चालत मोहाखाली गेली. त्या पत्रावळीवर नाई बसली. चैतूच्या बाजूले बसली, त्याच्या रांगेत. त्याच्याकडं पाह्यलं बी नाई, आपली जेवाले लागली. लय येळ झाला. मंग चैतूनं घास उचलला.

तवापासून दर पंगतीले तसंच हाय. आता दसरू बी तिथीच जाऊन बसते, मी बी माझी पत्रावळ घेऊन जातो. पंच पाहून न पाह्यल्यासारखं करतात. चैतू घरात आला नाई अजून, अन् येनार बी नाई, मी आता त्याले मनत नाई. आमी जेवतो अन् ती समोरची पत्रावळ तशीच राहते, जेवन झालं का चैतू भात चिमन्यायले टाकते अन् पानी मोहाच्या बुडाशी ओतते.

आता थकली मी बापू, बोटं चालतात तवर पानं टाचन, ती एक पत्रावळ तं लावनच लावन. तुमी मोठे लोकं, तुमचं लिवलेलं कुठी कुठी जात असंन. त्या मेलेल्याची माय मराठी वाचत नसंन, तिले कोन मी अन् कुठचं गाव, पन तरी लिवा. लिवा का इकडं एक जागा तिच्यासाठी रिकामी ठेवली हाय. ती आली अन् तिनं भात पायानं लोटला तरी चालन.